वरचा बंक

भोंगाने हॉस्टेलमधल्या वरच्या बंकवरून डावा पाय खाली सोडला आणि तो तिथेच लोंबकळत राहिला.

"उतरतेस ना?" तिची मैत्रीण खालून म्हणाली. ती दोघींच्या सॅकचे पट्टे आवळत होती. सव्वानऊची बस होती आणि आठ वाजून गेले होते.

"उतरतेय की. पाय पुढे पाठवलाय, बाकीची मागून येते."

"भोंगा, चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही गं." वरून आलेला आवाज बारीक होता. शाळेत पडलेलं हे नाव पन्नाशीपर्यंत टिकलं ते उगाच नव्हे. भोंगाचा आवाज बारीक झालेला मैत्रिणीने कधी ऐकला नव्हता. "कंबरेत उसण भरली. हलताच येत नाहीये."

ती शिडीच्या दोन पायऱ्या चढली. भोंगा उताणी पडली होती. एका हाताने गादीची कड घट्ट धरलेली, कपाळावर घाम. पंचवीस वर्षं शाळेत पीटी शिकवलेली ही बाई. काल "तुला झेपायचं नाही" असं सुनावून तिने वरचा बंक हट्टाने स्वतःकडे घेतला होता.

"एक शब्द बोलू नकोस," भोंगा म्हणाली.

"मी कुठे काय बोलले?"

"तोंडावर लिहिलंय सगळं."

परदेशातल्या गेल्या अकरा दिवसांत दोघींनी कमी घोळ घातले नव्हते. एकदा भलत्याच बसमध्ये बसून भलत्याच गावी उतरल्या. एका लाँड्रीत कपडे मशीनमध्ये फिरत असताना दुकानाला कुलूप लागलं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या गावात अडकून पडल्या. प्रत्येक वेळी वाट काढली ती भोंगाने. ती अनोळखी माणसांशी बेधडक मराठीत बोलायची, हातवारे करायची, आणि माणसं तिला बरोबर हवं तिथे आणून सोडायची. नकाशा घेऊन मागून चालायचं, एवढंच मैत्रिणीकडे उरायचं. पण आजची बस चुकवून चालणार नव्हती. विमानतळाच्या शहराकडे जाणारी पुढची बस थेट शनिवारी होती आणि विमान शुक्रवारी पहाटे.

हॉस्टेलची मालकीण आली. तिच्या मागून, समोरच्या बंकवर झोपणारा दाढीवाला सायकलस्वार दात घासता घासता आला. मालकीण मोडक्या इंग्रजीत म्हणाली की कुणी हात लावू नका, मी अँब्युलन्स बोलावते, तासाभरात येईल. सायकलस्वाराला तेवढा धीर नव्हता. त्याने ब्रश तोंडात धरला आणि लोंबकळणारा पाय पकडायला दोन्ही हात पुढे केले.

"नो!"

तिचा आवाज एवढा मोठा निघाला की त्याचे हात हवेतच थांबले. मालकीणसुद्धा एक पाऊल मागे सरली.

"आता भोंगा कोण?" वरून क्षीण आवाज आला.

"गप्प. पायाची बोटं हलव. दोन्ही पायांची. मुंग्या आल्यात का? कुठे बधिर वाटतंय?"

"नाही. नुसतं दुखतंय. भयंकर दुखतंय."

"मग काळजी नाही. स्नायू आखडलाय."

"वा! कुठल्या कॉलेजात शिकलीस?"

घरातल्या मागच्या खोलीत सहा वर्षं ती आईसाठी हे काम करत आली होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादर अंगाखालून सरकवायची, खुर्चीत बसवायचं, परत निजवायचं. फिजिओथेरपिस्ट पहिले दोन महिने येत होता. नंतर त्याने सांगितलं, ताई, आता माझी गरज नाही. आईला जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून तिचे हात बसमध्ये, दुकानात, टीव्हीसमोर मांडीवर नुसते पडून असायचे.

मालकिणीला तिने गरम पाण्याची बाटली आणायला पाठवलं. सायकलस्वाराला खालच्या दोन्ही गाद्या शिडीपाशी जमिनीवर टाकायला लावल्या. अँब्युलन्सचं नाव पुन्हा न काढता दोघंही निमूटपणे कामाला लागली. बाटली कंबरेखाली सरकवून तिने घड्याळात दहा मिनिटं मोजली. मग वर चढून भोंगाचा लोंबता पाय उचलून आत घेतला, गुडघे दुमडले आणि स्वतःची ओढणी तिच्या कंबरेभोवती दोनदा गुंडाळून पुढे गाठ मारली.

"हे कशाला? गाईसारखं बांधतेस काय?"

"धरायला. आता खांदा आणि कुल्ला एकदम वळवायचा. मध्ये पिरगळायचं नाही. मी तीन म्हटलं की."

"तीनच्या आधी की नंतर?"

"भोंगा!"

भोंगा एका अंगावर वळली, तोंडातून एक अस्सल शिवी काढत. तिचं तोंड खोलीकडे आलं. मग कोपर रोवून, पाय खाली सोडत, एका हालचालीत ती उठून बसली आणि छताला डोकं आपटणार एवढ्यात मैत्रिणीचा तळहात मध्ये आला. खाली उभा असलेला सायकलस्वार काहीतरी कौतुकाचं पुटपुटला.

आता शिडी. भोंगाला पाठमोरी वळवून तिने तिचा एकेक पाय पायरीवर ठेवला. स्वतः एक पायरी खाली, ओढणी मुठीत, गुडघा भोंगाच्या मांडीखाली. वरून दोन पायऱ्या नीट उतरल्या. तिसऱ्या पायरीवर भोंगा थांबली. बंकची दांडी तिने दोन्ही हातांनी अशी धरली होती की बोटं पांढरी पडली. श्वास वरच्या वर चालला होता.

"पडेन मी," भोंगा म्हणाली. यात गंमत नव्हती.

"नाही पडत. हात सोड. मी धरलंय." तिचा आवाज हळू झाला होता. "आई, हात सोड ना. मी आहे इथे."

खोलीत हे समजणारं तिसरं कुणी नव्हतं.

"हो," भोंगा म्हणाली आणि तिने हात सोडला.

दोघी गाद्यांवर उतरल्यावर सायकलस्वाराने टाळ्या वाजवल्या. मालकीण वेदना कमी करणाऱ्या गोळ्या आणि पाणी घेऊन आली. भोंगा भिंतीला टेकून उभ्या उभ्या सगळ्यांचे मराठीत आभार मानू लागली. ती मात्र गाद्या परत बंकवर टाकायला वळली आणि चादरीची एकच कड बराच वेळ खोचत राहिली.

शेवटच्या वर्षात आई तिलाच आई म्हणायला लागली होती. आई, भूक लागली. आई, दार लाव. ओळख करून देत राहा, त्याने स्मरण टिकतं, असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि तिने ते औषधाच्या वेळेसारखं पाळलं. "मी आई नाही. आई तू आहेस. मी तुझी मुलगी." दर वेळी. गणित चुकलेल्या पोरीसारखी आई मान खाली घालायची. शेवटच्या दिवशी सकाळीही घातली होती.

बस त्यांना मिळाली. सायकलस्वाराने दोन्ही सॅक स्टँडपर्यंत आणून दिल्या. भोंगा खिडकीपाशी ताठ बसली, कंबरेला ओढणी तशीच. गाव मागे पडलं, रस्ता चढू लागला.

"तू हो का म्हणालीस?" तिने विचारलं.

"कधी?"

"शिडीवर."

भोंगाने मिटलेले डोळे उघडले नाहीत. "मग काय म्हणायला हवं होतं? तिथे लोंबकळत तुला नातं समजावत बसू? बस गेली असती."

बाहेर लांबवर मेंढ्या चरत होत्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"मी बसायचे समजावत," ती म्हणाली.

भोंगाने डोळे उघडले, तिच्याकडे एकदा पाहिलं.

पुढच्या वळणावर बस कलली, तशी तिने भोंगाच्या कंबरेवरची गाठ पकडली.

"सोड आता. नीट बसलेय मी."

"हो," ती म्हणाली, आणि तशीच धरून राहिली.