गाढवपूरचा राजा

"कणीक कायच्यात मळू मी? तुमच्या टाळक्यावर?" ललितानं स्वयंपाकघरातून विचारलं.

देवीदासनं मान वर केली नाही. कणकेची परात त्याच्यापुढे होती. परातीत कोमट पाणी, आणि त्यात हंगेरी, घाना, क्युबा, जपान पाकिटांच्या तुकड्यांसकट डुंबत पडलेले. टपालाच्या तिकिटानं आपणहून कागद सोडायची वाट पाहायची, ओढलं की फाटलंच. अमरावतीत जन्मभर शेवंतीचे हार गुंफलेल्या बोटांना तेवढी सबुरी होती.

"अकोल्याच्या लिलावातली पिशवी हाये," तो म्हणाला. "डोम्याची."

ललितानं भांड्यांचा आवाज बंद केला.

डोमाजी, देवीदासचा जिवलग दोस्त, उन्हाळ्यात वारला. प्रीतमनं, त्याच्या पोरानं, बापाची देशोदेशीची तिकिटं पिशव्या भरभरून लिलावात काढली. त्यातलं एक तिकीट कोणत्याच देशाचं नाही, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत!

ते डोमाजीनं चांदूर बाजारच्या शाळेत, मागच्या बाकावर बसून शिसपेन्सिलीनं काढलं होतं. 'गाढवपूर संस्थान'. मुकुट घातलेला राजा, थोबाड हुबेहूब देवीदासचं. कडेची भोकं आईच्या शिलाई मशीनवर, सुईत दोरा न ओवता पाडलेली. तेव्हापासून खेळ सुरू. एकानं लिलावात पिशवी घेतली की दुसऱ्यानं पाकिटाच्या तुकड्यावर राजा डकवून गुपचूप आत सरकवायचा. ज्याला सापडेल त्यानं त्यात एक भर घालायची आणि उलटा डाव टाकायचा. राजाचे कान लांबले, शेपूट आलं, मिशा फुटल्या, चष्मा चढला. दोघांची लग्नं झाली, डोमाजीची अकोल्याला बदली झाली, राजाची ये-जा काही थांबली नाही.

मागच्या दिवाळीत पाळी देवीदासची होती. त्यानं राजा डोमाजीच्या पिशवीत घातला आणि फोनची वाट पाहत बसला. शिव्यांचा फोन आलाच नाही. आली ती थेट बातमी. पिशवी उघडली तरी होती का त्यानं? हसला का नाही? देवीदासला एवढंच पाहायचं होतं.

दुपार कलली तेव्हा एका जाड तुकड्यावरून कागद सुटला. मुकुट दिसला. देवीदासनं तिकीट तळहातावर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं.

राजाचा पुढचा दात गायब होता.

राजा डोमाजीकडे गेल्यानंतर, होळीच्या दिवशी देवीदास स्कूटरवरून पडला होता. त्याचा दात तेव्हाच गेला.

"आवं ललिते! पाह्य, माहा दात पाडला साल्यानं! सापडला होता त्याले! हसला होता डोम्या!"

तोही हसला, फटीतून शिट्टी वाजेपर्यंत. मग ओल्याच हातांनी त्यानं डोळे पुसले.

"आता फ्रेम करून भिंतीले लावा," ललिता हळूच म्हणाली.

"ठेवला तं डाव संपला ना व. पाळी माही हाये."

त्यानं पेन्सिलीला टोक काढलं. राजाच्या मागं, त्याचं शेपूट धरून चालणारा एक प्रधान काढला. नाक डोमाजीचं.

अकोल्याच्या पुढच्या लिलावात राजा सरकवलेली पिशवी प्रतीक्षा नावाच्या कॉलेजच्या पोरीनं घेतली. तिनं ती उजेडात धरून हलवून पाहिली. आता ही पोरगी जगाचा नकाशा पालथा घालणार! मागच्या रांगेत देवीदास मिशीतल्या मिशीत हसला आणि कोपर मारायला बाजूला वळला.

शेजारच्या खुर्चीवर त्यानं सवयीनं डोमाजीसाठी रुमाल टाकून ठेवला होता.

"कोनी येऊन राह्यलं का वो इथं?" उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

देवीदासनं रुमाल उचलला.

"बसा."