तिसरी फेरी

दंडाच्या फेऱ्या मोजायचं काम आमच्या दरीत तीस वर्षं माझ्याकडे आहे. शाळा मी चार हिवाळेच पाहिली. पण एक नेम हुकला की दीडशे मीटरांची एक जादा फेरी, एवढं गणित मला पुरतं.

तोर्हिल्ड माझी मुलगी. स्कीवर धावायचं, धापा टाकत थांबून पाच निशाणं पाडायची, पुन्हा धावायचं, एवढ्यावर तिनं जगज्जेतेपद तीनदा घरी आणलं. त्या शनिवारी तिची शेवटची शर्यत होती, घरच्या मैदानावर. नंतर मैदानाला तिचंच नाव द्यायचं म्हणून पाटी फडक्याखाली झाकून ठेवलेली.

शेवटची गोळीबाराची पाळी उभ्यानं. तीन नेम हुकले. वय अडतीस, धाप आवरता आवरत नव्हती. माझ्यासमोरून एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि तिसरी न मारताच बाई सरळ बाहेरच्या वाटेला लागली. मोजणाऱ्यानं हाक मारायची नसते. मी कागदावर दोनच रेघा ओढल्या. पेन्सिल हातात तशीच.

नऊ सेकंदांनी पहिली आली ती. टाळ्या कोसळल्या.

क्लबचा प्रमुख एइविन्द कागद न्यायला आला. "ओड्रुनमावशी, इथं एक रेघ ओढायची राहिली वाटतं."

"रेघ नाही राहिली. फेरी राहिली."

"हळू बोला हो! लांबून माणसं आलीत. न मारलेल्या फेरीला दोन मिनिटांचा दंड लागतो, ती अकराव्या नंबरावर जाईल. पाटीचं काय?"

"झाकलेली राहू दे. थंडी आहे."

"सख्खी मुलगी आहे तुमची!"

"गेल्या वर्षी तुझ्या बायकोला मी हीच दोन मिनिटं लावली, तेव्हा नियम म्हणजे नियम, असं कोण म्हणालं होतं? आणि तेही माझे वाफल खात!"

तो कान खाजवत उभा राहिला. एवढ्यात तोर्हिल्ड आली. तिनं आधी माझा चेहरा पाहिला, मग कागद.

"किती, आई?"

"दोन."

ती बर्फातच बसली. "मला तीन वाटल्या गं. पायांना वाट दिसली, ते निघाले."

"पायांवर नको ढकलूस. डोकं कुठं होतं?"

"झोपलं होतं. दोन वर्षं झाली, थकलंय ते."

मी थर्मासमधली कॉफी ओतून दिली. ती दोन घोट प्यायली आणि एइविन्दला म्हणाली, "आईनं लिहिलंय तेच वाचून दाखव."

त्यानं वाचलं. पाटीचं फडकंही ओढलं. टाळ्या थोड्याच झाल्या, तोंडच्या वाफाच जास्त. माणसं गाड्यांकडे पांगली. कुणी माझ्याशी बोललं नाही. मीही कुणाच्या पाया पडायला गेले नाही.

मी टेबल घडी करत होते, तेव्हा तोर्हिल्ड पुन्हा स्की बांधून फेरीच्या तोंडाशी उभी राहिलेली दिसली. बंदूक पाठीवर होतीच. ती निघाली. हळू, म्हातारीसारखी. दीडशे मीटरांना तिला केवढा वेळ लागला.

कागद तर गेला होता. मी नुसतीच मोजली.

"झाली?" तिनं विचारलं.

"झाली. ती बंदूक दे इकडे, मी घेते. चल घरी."