झाकणभर अ‍ॅसिड

माझी माशांची टाकी रविवारी जाणार होती. त्याआधी आणखी एक मासा मेला तर मासेवाला येऊन मासे, काच, दिवा सगळं उचलून नेणार, असं घरात ठरलं होतं आणि मीही 'बरं' म्हणाले होते. दहा दिवसांत चार गप्पी गेले होते. बोलायला तोंड नव्हतं.

मुळात चूक माझीच. इस्पितळाच्या धुलाईघरात मी अठ्ठावीस वर्षं बॉयलर सांभाळला. बॉयलरला नळाचं पाणी तसंच चालत नाही. क्षारांचा आतून थर बसतो आणि अल्कली वाढली की पाण्याला फेस येतो. पांढरा थर दिसला की माझा हात आजही खरवडायला जातो. टाकीच्या काचेवर तसाच पांढरा पट्टा दिसला आणि मी दुकानात जाऊन सांगितलं, "पाण्यात अल्कली फार आहे, काहीतरी द्या." मासेवाल्यानं अ‍ॅसिडची बाटली दिली. रोज एक झाकण घालायचं. बॉयलरला जे नको ते माशालाही नको, असं मी धरूनच चालले होते.

झाकण माझा थोरला मुलगा ओतायचा. मग रंगाची पट्टी पाण्यात बुडवायचा. ती निळीची हिरवी झाली की खूश. दुसऱ्या सकाळी पट्टी पुन्हा निळी, की पुन्हा झाकण. मासे तळाशी बसून भराभर कल्ले हलवायचे.

बुधवारी सकाळी झाकण घालायच्या आधीच पट्टी हिरवी निघाली.

"बघ आई, जमलं!" थोरला म्हणाला.

मला मात्र ते पटलं नाही. बॉयलरखोलीत आम्ही थेंब मोजल्याशिवाय कधी औषध घातलं नाही. पट्टीवरून पाणी आज कसं आहे ते कळतं. ते अजून किती अ‍ॅसिड झेलेल, ते थेंबांवरून कळतं. मी दुकानातून थेंबांची बाटली आणली. नळीत नळाचं पाणी घेतलं आणि एकेक थेंब टाकत गेले. पहिल्या थेंबाला पाणी निळं झालं; ते पिवळं व्हायला अकरा थेंब लागले. टाकीचं पाणी दोनच थेंबांत पिवळं झालं. इतके दिवस अल्कलीच अ‍ॅसिड अंगावर घेत होती. ती संपली की पुढचं झाकण थेट माशांवर पडणार होतं.

"आजचं झाकण घालतो," थोरला म्हणाला.

"हात लावू नकोस."

"दुकानदारानं रोज सांगितलंय."

"दुकानदार बाटल्या विकतो. मासे माझ्या घरात मरतात."

"अगं, अल्कली जास्त झाली म्हणून बोंब तूच मारलीस ना?"

"मारली. आता उलटी मारते."

सूनबाई हसली. "आई, तुमचा बॉयलर फारच तापलाय हं."

मी पाच लिटरच्या बादलीत नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवलं. क्लोरीनचा वास गेला. गुरुवारपासून रोज सकाळी तेवढंच पाणी टाकीतून काढायचं आणि बादलीतलं हळूहळू ओतायचं.

"एकदम सगळंच बदल की," थोरला म्हणाला.

"थंड बॉयलरला एकदम आग दिली तर पत्रा तडकतो. हे तर एवढेसे जीव."

गुरुवारी तीन थेंब झाले. शुक्रवारी चार. शनिवारी पाच झाले आणि त्याच सकाळी काळ्या शेपटीची मोठी मादी उलटी तरंगताना दिसली. मी एकटीच तिथं होते. कुंडीत पुरून टाकली असती तर कुणी मोजायला येणार नव्हतं. मी ती बशीत घेतली, टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना हाक मारली.

"मेली," मी म्हणाले.

रविवारी मासेवाला पिशव्या घेऊन आला. "काय बॉयलरबाई, आवरायचं ना?"

"आधी थेंब मोजा."

"कशाला?"

"मोजा तर!"

त्यानं मोजले. टाकीचे पाच, नळाचे अकरा.

"बुधवारी टाकीचे दोनच होते," मी म्हणाले. "झाकण कधी थांबवायचं, ते सांगितलं होतंत?"

"पट्टी हिरवी राहीपर्यंत घालायचं. सगळ्यांना तेच सांगतो मी."

"तुमच्या दुकानातले गप्पी कुठल्या पाण्यात असतात?"

तो थोरल्याकडे बघायला लागला.

"त्याच्याकडे काय बघता? मला सांगा."

"नळाच्याच."

"त्यात अ‍ॅसिड घालता?"

"अहो, चाळीस टाक्या आहेत. कुठं पुरणार?"

सूनबाईला हसू आवरेना. मी अर्धी बाटली त्याच्यापुढे ठेवली. "ही घेऊन जा."

"उघडलेला माल परत घेत नाही."

"राहू दे. संडासाच्या फरशीला होईल."

थोरला मात्र हसला नाही. "आई, हे सगळं बरोबर असेल. पण बोलणं झालं होतं. मासा मेला की टाकी जाणार. तू हो म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. आता शब्द मोडतेय."

"असं कसं?"

"असंच. माझ्या चुकीनं पाच मेले. उरलेल्या सातांना दिलेल्या शब्दापायी एकदम दुसऱ्या पाण्यात टाकणार नाही. आई खोटारडी निघाली, म्हणून सांग सगळीकडे."

मी खुर्ची ओढली आणि टाकीला पाठ लावून बसले. मासेवाल्यानं पिशव्यांची घडी करून खिशात घातली आणि जिना उतरला.

"आणि उद्या आणखी एक मेला तर?" सूनबाईनं विचारलं.

"तर मेला. टाकी इथंच राहील. ती बादली दे इकडे, आजचं पाणी बदलायचं राहिलंय."