वेगळी काढलेली पितळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी आहे. पितळी म्हणजे पितळेचं उंच काठाचं ताट. भाकरी कुस्करून खायला माझ्यासारखं भांडं नाही, हे मीच सांगते, कारण हल्ली दुसरं कोणी सांगत नाही. गिरिजाबाईंच्या लग्नात त्यांच्या मामांनी मला मुरुमच्या बाजारात घेतलं, काठावर नाव घालून घेतलं आणि मी नवरीबरोबर तिच्या सासरी, माकणी गावाला आले.

पुढं घरात स्टीलची ताटं आली, पण गिरिजाबाई माझ्यातच जेवायच्या. पाच वर्षांची नात हर्षाली त्यांच्या मांडीला टेकून बसायची आणि दुधातला काला मागून मागून खायची. त्या दिवसांत माझा रुबाब काही विचारू नका.

मग गिरिजाबाईंना खोकला लागला आणि तो हटेना. सोलापूरला तपासलं, तर फुप्फुसाचा टीबी निघाला. नेमकी तेव्हाच गिरिजाबाईंच्या धाकट्या लेकीची सोयरीक जुळत आली होती. म्हणून मुलगा बलभीम याने गावभर सांगितलं, आईला दमा आहे. घरात मात्र सुनेनं, मंजुषानं, मला वेगळं काढलं. पडवीच्या कोनाड्यात मी एकटी. ती मला कढत पाण्यानं धुवायची आणि हात लांब धरून ठेवायची. मला फार वाईट वाटायचं.

इतकं करून झालं काय? थंडी म्हणून खोलीच्या खिडकीत पोती कोंबलेली, आणि त्याच खोलीत हर्षाली आजीच्या कुशीत झोपायची. आजी खोकायची आणि लेकरू तीच हवा ओढायचं. भांडं वेगळं केलं, आता भीती नाही, अशी सगळ्यांची समजूत. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्यात भर म्हणजे दोन महिन्यांत बरं वाटताच गिरिजाबाईंनी टीबीच्या गोळ्या बंद केल्या. खोकला परत आला.

उन्हाळा लागला आणि हर्षाली बदलली. खेळेना, चिडचिड करी. बारीक ताप, डोकं दुखतंय म्हणून रडणं, मधेच उलटी. गावातल्या डॉक्टरांनी औषध दिलं, दहा दिवस गेले. एका सकाळी तिची मान पुढं वाकेना, एक डोळा तिरपा झाला आणि हाक मारली तरी ती नीट जागी होईना. बलभीम आणि मंजुषा तिला घेऊन धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात गेले.

धाकटी लेक शेतावर गेली की घरी गिरिजाबाई एकट्या. तिसऱ्या दिवशी माझ्यात भाकरी वाढलेली होती, पण त्यांनी तुकडा मोडला नव्हता. तेवढ्यात गावातल्या आशा कार्यकर्त्या महादेवीताई पोरीची चौकशी करायला आल्या आणि बलभीमचा फोनही आला; गिरिजाबाईंनी तो स्पीकरवर लावला.

"आई, मेंदूला सूज हाय म्हणत्यात. कशानं ते कळंना. घरात कुणाला टीबी हाय का, दोनदा इचारलं."

"मग?"

"म्या न्हाय म्हणलं."

महादेवीताईंची नजर माझ्यावर गेली, मग कोनाड्यावर.

"काकू, दरखेपेला बघते, तुमची पितळी एकलीच हितं कोनाड्यात का ठेवत्यात?"

"दमा हाय मला."

"दम्याला भांडं कोण वेगळं काढतं, काकू?"

त्या पोरीचा जीव आता एका शब्दावर येऊन थांबला होता.

"बलभीम," गिरिजाबाई फोनजवळ वाकून म्हणाल्या, "जा, डॉक्टरला सांग. आईला टीबी हाय, अन् गोळ्या तिनं अर्ध्यातच सोडल्यात."

"आई, सोयरीक मोडंल गं."

"मोडू दे! पळ आधी!"

त्याच दुपारी डॉक्टरांनी औषधं सुरू केली. पाठीच्या कण्यातल्या पाण्याच्या तपासणीतही टीबीच निघाला. महादेवीताईंनी गिरिजाबाईंना समजावलं, "जंतू भांड्यातनं न्हाय, खोकल्याच्या हवेतनं गेले. आधी छातीत, तिथनं रक्तात, अन् रक्तातनं मेंदूच्या आवरणात. लहान लेकरांत हे लई लवकर व्हतं." मग त्यांनी स्वतः खिडकीतली पोती ओढून काढली आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करवली.

सोयरीक मोडली. गिरिजाबाई आता रोज महादेवीताईंसमोर गोळी घेतात. मी पुन्हा चुलीजवळ आले. आणि हर्षाली वाचली. तिला वर्षभर औषधं घ्यायची आहेत. पण डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तर कदाचित कान वाचला असता. आजी काला कुस्करताना तिला डावीकडून हाक मारते, ती वळत नाही, आणि आजीचा घास हातातच राहतो.

मित्रांनो, टीबी बरा होतो, पण लपवलेला टीबी घरातल्याच लेकराला गाठतो. गोळ्या पुऱ्या घ्यायला लावा, खिडक्या उघडा. आणि डॉक्टरांनी विचारलं की घरात कोणाला आहे का, तेव्हा मोठी माणसं खाली बघू लागली, तर तुम्ही सांगा. मी सगळं पाहत होते, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.