आतडं धुणाऱ्या गोळ्या

सुनेच्या हातचं आपल्याला बाधतंय, याबद्दल मल्सुन आजीला तिळमात्र शंका नव्हती. नाहीतर जन्मभर दगड पचवलेल्या बाईवर दिवसभर संडासाच्या वाऱ्या करायची वेळ का यावी? आंदोंगच्या त्या घरात हेजिन सून म्हणून आली, स्वयंपाकघर तिच्या हाती गेलं, तेव्हाच आजीच्या मनात पाल चुकचुकली होती.

"आई, आज भात मऊ केलाय."

"ठेव तिथे. बघते."

सुनेची पाठ वळली की आजी सगळं कचऱ्यात ओतायची. आंबवलेल्या कोबीची किमचीसुद्धा! स्वतः रताळी उकडून खायची आणि वर गोळ्या गिळायची.

गोळ्या बाजारामागच्या हॉलमधल्या. तिथे म्हाताऱ्यांना फुकट टिशूचे रोल वाटत, गाणी म्हणायला लावत आणि मग हळूच औषध गळ्यात मारत. तिथला गुळगुळीत पोरगा तिचा हात दाबून म्हणायचा, "आई, अस्सल जडीबुटी आहे, आतडं धुऊन निघेल. घरी मात्र बोलू नका हं, लोक जळतात." पोट जितकं बिघडे, तितक्या आजी जास्त गोळ्या घ्यायची आणि तितकीच सुनेवर डाफरायची.

शेवटी तिनं उल्सानला कामावर असलेल्या लेकाला फोन लावला. "तुझी बायको मला मारायला टपलीय. या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी!"

हेजिन ओट्यापाशीच उभी होती. दुसऱ्या दिवशी सासूला दवाखान्यात घेऊन गेली.

"घरचं जेवण बाधतंय," आजीनं डॉक्टरीणबाईंना ठणकावलं.

"काय काय खाता घरचं?"

"मी? घासभरही नाही. सगळं टाकून देते!"

"मग बाधलं कसं हो, आजी? दुसरं काही घेता?"

आजीचं तोंड एवढंसं झालं. पिशवीतून गोळ्या निघाल्या. बाईंनी एक फोडून हुंगली.

"ही कडू मुळी दिसतेय. पोटातल्या वाईट जंतूंबरोबर चांगल्यांचाही फडशा पडू शकतो हिनं. त्यात चांगले जंतू देणारी किमचीही तुम्ही टाकून देता. बंद करा हे आधी."

हेजिन भिंतीकडे बघत होती.

संध्याकाळी पाट मांडला. त्या घरात थोरांनी चमचा उचलल्याशिवाय धाकटं माणूस कधी उचलत नसे. हेजिननं आधी उचलला. सासूच्या वाटीतला भात, किमची, रस्सा, एकेक घास खाल्ला, आणि वाटी पुढे सरकवली.

"आता खा, आई."

"असं नको गं करू, पोरी," आजी रडकुंडीला आली. "चुकलं माझं."

"असू दे," हेजिन म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तिनं आधी चमचा उचलला.