तुरेवाली जोडी

दुसरं मूल गेलं, त्यानंतर हरिश्चंद्रने मुंबईहून पाखरं आणली. मालवणच्या बाजारात त्याचं कापडाचं दुकान होतं. त्या खेपेला साड्यांच्या गठ्ठ्यांबरोबर तारेचा एक पिंजरा उतरला. आत चिमणीहून लहान, करड्या अंगाची, लाल चोचीची चार फिंच पाखरं होती.

"घर खायक उठता," तो बायकोला म्हणाला. "ह्यांचो तरी आवाज होऊ दे."

बायको म्हणजे सुनीती. कुडाळच्या निवृत्त मास्तरांची, भाईंची मुलगी. सावंतवाडीच्या कॉलेजात शास्त्र शाखेची दोन वर्षं झाली आणि लग्न ठरलं. पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यातच सगळं वाहून गेलं होतं. दुसऱ्या खेपेचा मुलगा रडला, दूध प्यायला आणि मग हळदीत बुचकळल्यासारखा पिवळा पडला. सासूने, माईने, त्याला कोवळ्या उन्हात धरलं, अंगारा लावला. आठवडाभरही तो राहिला नाही.

पाखरं मागच्या पडवीत राहिली. लहान मडक्यांत काथ्या भरून सुनीतीने घरटी केली. पावसाळा सरता सरता एका जोडीची अंडी फुटली, आणि पिसं फुटल्यावर त्यातलं एक पिल्लू निघालं पांढरं शुभ्र.

"ह्या कोणाचा?" माई म्हणाली. "आवस करडी, बापूस करडो. पांढरा खंयसून इला?"

"मुंबयवाल्यान फसवल्यान," हरिश्चंद्र म्हणाला. "कायतरी भेसळ आसा."

सुनीती हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली म्हणून दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"भेसळ नाय. रंगाचे दोन वाटे असतत. एक आवशीकडसून, एक बापाशीकडसून. पांढऱ्याचो एकच वाटो असलो तर तो करड्याखाली लपान रवता, दिसणा नाय. पिल्लाक दोन्ही वाटे पांढरेच गावले, तर पिल्लू पांढरा."

"म्हणजे दोघांकडेय तो आधीच होतो?"

"होतो. तुमका दिसणा नाय होतो, इतक्याच."

त्याचा विश्वास बसेना. तेव्हा तिने पैजच लावली. ही पांढरी मादी मोठी झाली की दुसऱ्या जोडीतल्या करड्या नराजवळ सोडायची. त्याच्यात पांढरं लपलेलं नसेल तर सगळी पिल्लं करडीच होतील, पण प्रत्येकाच्या आत पांढरं असेल, आणि ती पिल्लं एकमेकांत वाढली की ते पुन्हा बाहेर येईल. वेळ लागला, पण झालं तसंच. दुसऱ्या पिढीत पांढरं पिल्लू घरट्याबाहेर आलं तेव्हा हरिश्चंद्र दुकान नोकरावर टाकून घरी धावत आला. गिऱ्हाइकांना कापड फाडून देताना तो सांगायचा, "आमच्या घरात मास्तरीण आसा. पिल्लाचो रंग आधी सांगता." रात्रीची जेवणं झाली की दोघं पडवीत बसायची आणि कोणाला कोणाजवळ ठेवायचं यावर वाद घालायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती. एकमेकांशी इतकं बोलणं त्यांचं आधी कधी झालं नव्हतं.

मग तो म्हापशाच्या बाजारातून तुरेवाली जोडी घेऊन आला. दोघांच्याही डोक्यावर फुलासारखा गोल तुरा. बघायला शेजारपाजार लोटला. ज्याला त्याला तसलंच पिल्लू हवं झालं.

"तुऱ्याक तुरो," हरिश्चंद्र म्हणाला. "मगे सगळीच तुरेवाली."

हिशेब सरळ होता, पण तो जुळेना. काही पिल्लं बिनतुऱ्याची निघत. आणि प्रत्येक वेळी एखाददुसरं अंडं तसंच राही, काळवंडे, हलवलं की आत पाणी वाजे. त्याच सुमाराला सुनीतीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. एक दिवस माईने मेलेली अंडी केळीच्या पानावर घेतली आणि तिच्यासमोर धरली.

"तुझ्या हाताक यश नाय गो. पिंजऱ्याक हात लावू नको."

हरिश्चंद्र तिथेच पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं. दुसऱ्या दिवसापासून पाखरांना राळे तोच घालू लागला.

सुनीतीचं तिसरं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं. नर्स दाखवायला तयार नव्हती, पण सुनीतीने हट्ट धरला. मुलगी होती. अंग पाण्याने सुजलेलं, डोळे मिटलेले. केस मात्र दाट, हरिश्चंद्रसारखे.

घरी आल्यावर तिला कोणी काम सांगेना. ती दिवसदिवस पडवीत बसून राही. बंदी उठली नव्हती. ती मोडली तरी विचारायला कोणात त्राण नव्हतं. एका दुपारी तिने न फुटलेलं एक अंडं नखाने उघडलं. आत लाल तंतूंचं एवढंसं जाळं होतं, बाकी काही नाही. तिने नख पदराला पुसलं आणि दुसरं उघडलं.

हळूहळू तिच्या लक्षात येत गेलं. बिनतुऱ्याच्या जोड्यांची अंडी अशी मरत नव्हती. मरत होती ती तुरेवाल्यांचीच, आणि पाणी, राळे, घालणारा हात सगळ्या पिंजऱ्यांना एकच होता. तिने तुरेवाला नर साध्या मादीकडे दिला, तुरेवाली मादी साध्या नराकडे.

"परत हात लावलंस?" माईने दारातून विचारलं.

"लावलंय."

दोन्ही घरट्यांतली अंडी फुटली. एकही वाया गेलं नाही. निम्म्याशिम्म्या पिल्लांना तुरे आले.

त्या दिवशी पानावर बसलेल्या हरिश्चंद्रला तिने समजावलं. "तुऱ्याचो एक वाटो गावलो तर पिल्लाक तुरो येता. दोन्ही बाजूंनी तुऱ्याचोच वाटो इलो, तर जीव धरणा नाय, अंड्यातच मरता. नर बरो आसा, मादीय बरी आसा. फक्त त्या दोघांका एकत्र ठेवचा नाय."

"मगे दोष कोणाचो?" माईने विचारलं.

"कोणाचोच नाय, माई. माझ्या हाताचो तर नायच."

त्या घरात ती पहिल्यांदाच मान वर करून बोलली होती. माई आत निघून गेली. हरिश्चंद्रने ताकभात कालवला आणि बराच वेळ तो कालवतच राहिला.

"आपणय गोव्याक जाऊन रक्त तपासून घेवया," सुनीती म्हणाली. "तुमचा आणि माझा."

गोव्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. त्यांनी सावकाश, शाळेत शिकवावं तसं सांगितलं. नवऱ्याच्या रक्तात एक घटक आहे, बायकोच्या रक्तात तो नाही. मूल बापावर गेलं की आईचं रक्त त्याला परकं समजतं. पहिल्या गर्भाच्या वेळी ही ओळख होते, पुढच्या प्रत्येकाशी लढाई. पहिला गर्भ पडला तेव्हाच एक इंजेक्शन मिळायला हवं होतं.

"आता घेतलं तर?" सुनीतीने विचारलं.

"आता उशीर झालाय. पुढचं मूल मोठ्या शहरात, पोटातच रक्त देऊन वाचवायचा प्रयत्न करता येतो. खात्री नाही." बाईंनी पेन बंद केलं. "तुमच्यात दोष नाही, यांच्यातही नाही. नशिबाने जोडी तशी पडली."

गोव्याहून परतताना बस इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर थांबली. दारूसाठी पिशव्या तपासायला पोलीस चढले. पुढच्या सीटखालची पिशवी ओढून काढत होते, तिचा मालक हुज्जत घालत होता. सुनीतीला वाटलं, छातीवरचा धोंडा उतरलाय. इतकी वर्षं जे आपलं समजून वाहिलं ते आपलं नव्हतंच.

हरिश्चंद्र खिडकीबाहेर बघत होता.

"तूच सांगितलंस," तो म्हणाला, "जोडी बदलली की पिल्लां जगतत."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा पोलीस खाली उतरत होते.

"ता पाखरांचा सांगितलंय."

"माणसांचा काय वेगळा आसा?" तो रागावलेला नव्हता. डोळे भरले होते त्याचे. "माका पोर व्हया गो, सुनीती. तुझ्यावर माझो राग नाय."

"पोर व्हया तर दत्तक घेवया."

बस सुटली. कुडाळला त्याने तिला उतरवून घेतलं, भाईंच्या दारापर्यंत पोचवलं. "चार दिस बापाशीकडे रव," म्हणाला, आणि मालवणच्या गाडीसाठी परत फिरला.

तो आला नाही. भाई दोनदा मालवणला जाऊन आले. तिथे त्यांना चहा मिळाला, मान मिळाला, उत्तर मिळालं नाही. शेवटी माई स्वतः कुडाळला आली. नारळ आणले होते. सुनीतीला जवळ बसवून तिने पाठीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत कधी फिरवला नव्हता.

"तुझो दोष नाय गो बाय. माझ्या हरीचोय नाय. डाक्टरीणच बोलली मां, कोणाचोच दोष नाय?"

सुनीतीचा दोष होता तोवर तिला त्या घरात जागा होती. घालून पाडून बोलायला का होईना, ती त्यांना लागत होती. आता कोणाचाच दोष नव्हता, म्हणून कोणी कोणाला काही देणं लागत नव्हतं. तिने स्वतःच ते सगळं इतकं स्वच्छ मांडून दाखवलं होतं की भांडायलाही धागा उरला नव्हता. भाई कोर्टात जाऊया म्हणाले. ती नको म्हणाली आणि सोडचिठ्ठीवर तिने सही केली.

वर्षाच्या आत हरिश्चंद्रने आतल्या गावातल्या एका शेतकऱ्याची मुलगी केली. रुक्मिणी तिचं नाव. सुनीतीने तळेऱ्याच्या एका शाळेत नोकरी धरली. अर्जासाठी कॉलेजची प्रमाणपत्रं लागत होती आणि ती मालवणच्या कपाटात राहिली होती. दुकानाची वेळ साधून ती गेली.

माई देवळात गेली होती. दार रुक्मिणीने उघडलं. विशीतली, काळीसावळी, सहा-सात महिन्यांची पोटुशी. तिने सुनीतीला ओळखलं, आणि घरातली मोठी बाई आल्यासारखा पदर सावरला. प्रमाणपत्रं तिनेच शोधून दिली, पाणी दिलं. सुनीती निघाली तशी पायरीपर्यंत आली आणि तिने तिचा हात धरला.

"तायनू, तुमका सगळा कळता म्हणतत. माझा जगात मां?"

सुनीतीने आधी रस्त्याकडे बघितलं.

"तुझा रक्त कोणी तपासल्यानी?"

"नाय."

"तपासून घे. बहुतेकांका कसलो त्रास नसता. पण माझ्यासारखा निघाला तर बाळंत झाल्याबरोबर सुई घेवक व्हयी. पयला जगतला. सुई घेतलंस तर पुढचीय जगतली."

रुक्मिणी ओठ हलवत ते पाठ करत होती. मग तिने विचारलं, "आणि तसाच निघाला, तर ह्यांका सांगू?"

देवळाकडून माईचा आवाज येत होता. वाटेत कोणाशी तरी बोलत ती सावकाश घराकडे येत होती.

"सांगू नको," सुनीती म्हणाली. "सुई घे आणि गप रव. कोणाक सांगू नको."

रुक्मिणीने हात सोडला. सुनीती पुन्हा आत वळली, मागच्या दाराने वाडीतून बाहेर पडली आणि स्टँडकडे चालू लागली.