अब्दिमाचा हुकलेला मार

अब्दिमाचा मार चुकला. हे मी बोललो नाही, तुम्ही ऐकलं नाही, आणि अब्दिमा अजून आपल्या शेतातच उभा आहे.

जोडीतला एक बैल लंगडत होता, नांगरट अर्धी राहिली होती. अब्दिमाने शेजाऱ्याचं गाढव आणलं आणि उरलेल्या बैलाशेजारी जुंपलं. आमच्या यहुदी शास्त्राला बैल आणि गाढव एका जुवाखाली चालत नाहीत. गाढवालाही ते पटलं नव्हतं, पण त्याला कोण विचारतो!

बांधावर आम्ही दोघं होतो. मी, गावचा कुंभार, आणि हलफ्ता विणकर. आधी ताकीद दिल्याशिवाय कुणाला फटके मारता येत नाहीत, म्हणून मी दिली.

"अब्दिमा, सोड ते गाढव. फटके बसतील."

"माहितेय. बसू देत. आभाळ बघितलंस का?"

हलफ्ताच्या मुलीशी, शप्पीराशी, अब्दिमाचं लग्न ठरत आलं होतं.

"काका, तुम्ही रागावलात?" त्याने हलफ्ताला विचारलं.

"काका म्हणू नकोस. आधी फटके खा. फटके खाल्ले की माणूस पुन्हा आपला भाऊ होतो, असं शास्त्र सांगतं. मग ये पोरगी मागायला. तोवर उंबऱ्यावर दिसू नकोस."

अब्दिमा खूश झाला. पाठ चार दिवस दुखणार, बायको जन्मभर मिळणार. त्या संध्याकाळपासून तो पाठीला तेल चोळू लागला.

शप्पीराला एवढंच कळलं की त्याला मारणार आहेत. अट कळली नाही. हलफ्ता घरात फक्त मीठ मागायला तोंड उघडतो.

ठरल्या दिवशी प्रार्थनाघरासमोर तिन्ही पंच बसले. मारणारा अंगाने अशक्त आणि शास्त्रात पक्का हवा, असा नियम आहे. आमच्या नहूमबाबांना सगळं शास्त्र पाठ, आणि स्वतःचं दार उघडायला सून लागते.

पंचांनी अब्दिमाची पाठ चाचपली. "एकोणचाळीस झेपतील?"

"वाढवा हवं तर."

"वाढवता येत नाहीत."

मग पट्टा आला. वासराच्या कातड्याचा, त्यात गाढवाच्या कातड्याच्या पट्ट्या ओवलेल्या. अब्दिमाने तो निरखून पाहिला.

"हे दोघं इथे बरे एकत्र चालतात?"

"खाली वाक," पंच म्हणाले.

नहूमबाबांना धरून दगडावर चढवलं. त्यांनी पट्टा उगारला. अर्धा हातात राहिला, अर्धा उडून पलीकडे घोड्याला पाणी पाजणाऱ्या रोमन शिपायाच्या शिरस्त्राणावर बसला.

"पट्टा तुटला. आरोपी सुटला," पंचांनी जाहीर केलं. नियमच आहे तसा.

"तुटला म्हणून सुटला?" शिपाई म्हणाला. "आमच्यात काठी तुटली की दुसरी मागवतात. आणि मोजत तर कुणीच नाही."

"बघा, शहाणा माणूस!" खांबाला बांधलेला अब्दिमा ओरडला. "दुसरा मागवा!"

शिपायाने घोड्यावर टांग टाकली आणि मागे न बघता निघून गेला.

बायकांच्या घोळक्यात शप्पीरा एकटीच हसत होती. हातात लोकर कातरायची कात्री.

"चल घरी," हलफ्ता तिला म्हणाला. "मार बसला नाही, म्हणजे भाऊ झाला नाही. लग्न नाही."

"अशी अट होती?"

"होती."

"मग मला सांगायचं ना, बाबा!"

"तू विचारलंस?"

कात्री हळूच ओढणीखाली गेली.

दुसऱ्याच दिवसापासून अब्दिमा पुन्हा गुन्हा करायला शेतात जाऊ लागला. बैल तयार होता. शेजारी तयार होता. मी ताकीद देऊन देऊन घसा बसवून घेतला. गाढव काही जुवाखाली मान घालेना. म्हणून फुटक्या रांजणाच्या खापरीवर मी अब्दिमाला हा अर्ज लिहून दिला आहे:

माननीय पंचांस सविनय सादर. अर्जदारास मंजूर झालेले फटके पट्ट्याच्या दोषामुळे मिळालेले नाहीत. ते पुन्हा मिळवण्यासाठी अर्जदार प्रामाणिक प्रयत्न करीत असून साक्षीदार रोज हजर असतात. तरी संबंधित गाढवाने बैलाशेजारी विनातक्रार उभे राहावे, असा आदेश आपल्या सहीशिक्क्यानिशी सदर गाढवास देण्यात यावा, ही विनंती.